अहो, डावा! : चाळिशीनंतर नाच शिकताना या चुका टाळा

भाच्याच्या संगीतात बहिणीने हात धरून फ्लोअरवर ओढलं तेव्हा मी जे काही केलं त्याला नाच म्हणत नाहीत. हात कोपरात दुमडलेले, टाळ्या चालू, एकाच जागी उभं राहून गुडघ्यातून किंचित वरखाली, आणि हळदीकुंकवात नाव न आठवणाऱ्या बाईकडे बघून हसतो ना, तसलं हसू. अर्ध्या गाण्यात 'पाणी पिऊन येते' म्हणून सटकले ती थेट गुलाबजामच्या काउंटरला. वय तेव्हा ४६. त्यानंतर क्लास लावला, आधी एकटीने बॉलिवूड, मग नवऱ्याला ओढून साल्सा, मधे एक श्रावण मंगळागौरीच्या ग्रुपमधे, आणि तीन वर्षांत करता येतील तेवढ्या चुका केल्या, काही दोनदा केल्या. त्या लिहून ठेवतेय, तुमचा वेळ वाचेल.

'आधी लाज जाऊ दे, मग शिकते'

ही सगळ्यात मोठी, आणि हिच्यात माझी बरीच वर्षं गेली. मला वाटायचं काही लोकांना जन्मतः लाज नसते, ते नाचतात, आपण आपलं बसून टाळ्या वाजवाव्यात. पण घोळ वेगळाच असतो. पायांना काय करायचं ते माहीत नसलं की डोकं रिकामं राहतं, आणि रिकामं डोकं लगेच 'आत्याबाई बघतायत का, पदर नीट आहे का, दंड किती हलतायत' सुरू करतं. तेच पायांना एक काम दिलं आणि डोक्याला आकडे मोजायला बसवलं की आत्याबाईंना तिथे जागाच उरत नाही. लाज घालवायची म्हणून मी वेगळं काहीच केलेलं नाही, मोजायला लागल्यावर ती कधी गेली ते कळलं पण नाही.

पटत नसेल तर शाळेतली लेझीम आठवा. २६ जानेवारीला अख्खी शाळा, पालक, पाहुणे, सगळे मैदानाच्या कडेने उभे आणि आपण मधे, चार आवाज, आठ आवाज, सर शिट्टी मारतायत आणि आपण खाली वाकतोय. तेव्हा कुठे लाज वाटली? 'मला जन्मात नाचता येत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी सातवीत ताल न सोडता लेझीम खेळलेली असते. मग दहावी येते, बारावी येते, नोकरी लागते, आणि पाय फक्त चालायला आणि ब्रेक दाबायला उरतात.

पुरुष मंडळींचा यावरचा उपाय ठरलेला, वरातीआधी दोन पेग. लाज जाते हो, पण तोल आणि ताल पण जातो, आणि सकाळी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ पडला की लाज व्याजासकट परत येते.

हातांपासून सुरुवात करणं

आपण नाच बघतो म्हणजे हात आणि चेहरा बघतो, म्हणून शिकताना पण तिथूनच सुरू करतो आणि मग पाय सिमेंटमधे रोवल्यासारखे. आमची टीचर पंचविशीतली पोरगी, पहिल्याच आठवड्यात तिने मधेच म्युझिक बंद केलं आणि विचारलं, "आत्ता वजन कुठल्या पायावर आहे?" मी म्हटलं, "दोन्ही." ती हसली. म्हणाली, "मॅम, तोच प्रॉब्लेम आहे."

आता हे जरा नीट सांगते कारण माझं अर्धं नाचणं इथे सुधारलं. उभे राहा, डावा पाय बाजूला टाका, आणि आता काहीही न हलवता उजवा पाय जमिनीवरून उचलून बघा. सहज उचलला गेला तर वजन डाव्यावर गेलंय, ती खरी स्टेप. उचलायच्या आधी अंग डावीकडे झुकवावं लागलं तर वजन मधेच लटकलंय, पाय फक्त तिकडे फिरायला गेला होता. टॅपमधे मात्र मुद्दाम असंच करायचं असतं, पाय टेकवायचा पण वजन द्यायचं नाही, म्हणजे पुढचं पाऊल परत त्याच पायाने निघतं. बचाटामधे (साल्सासारखाच जोडीने करायचा नाच) तीन स्टेप्स आणि चौथा टॅप. मी चौथ्यालाही वजन द्यायचे, मग पुढच्या एकला चुकीचा पाय मोकळा, आणि मी घरी येऊन सांगायचे की मला डावं-उजवं कळत नाही. डावं-उजवं व्यवस्थित कळत होतं, वजन चुकत होतं.

याची प्रॅक्टिस ओट्यापाशी होते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत डावीकडे स्टेप, उजवा टॅप, उजवीकडे स्टेप, डावा टॅप. हात भाजी चिरत असले तरी चालतं (नाही, सुरी खाली ठेवा). गुडघे कडक ठेवू नका, थोडे सैल. हात नंतर येतात, आणि पाय बसले की निम्मे तर आपले आपण येतात.

शब्दांवर नाचणं

आपल्याला गाणी पाठ असतात हाच घात. तोंडाने गाणं म्हणत पाय शब्दांवर टाकायला गेलं की गायिकेने सूर लांबवला की आपण थांबतो आणि ती पटपट बोलली की आपण पळतो. शब्द सोडा, खालचा ठेका ऐका, ढोलक किंवा बेस. केहरवा ८ मात्रांचा, धा गे ना ती न क धि न, आणि भजनात टाळ वाजवता येत असेल तर हा तुमच्या अंगात आधीच आहे, फक्त हातातून पायात उतरवायचाय. क्लासमधे 'पाच, सहा, सात, आठ' करून सुरुवात का करतात हे मला महिनाभर कळलं नव्हतं, अर्ध्यातून का मोजतायत? तर ते आपल्याला पुढच्या 'एक'वर उचलून ठेवण्यासाठी असतं, क्रिकेटमधल्या रनअपसारखं.

साल्सात वेगळी गंमत. तिथे ८ मोजायचे पण पावलं ६, एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सात, ४ आणि ८ ला नवीन पाऊल नाही. हे ४ गिळणं मला जमेना, घाईघाईने पाऊल पडायचंच, आणि मग आख्खा क्लास एकीकडे आणि मी दुसरीकडे. शेवटी टीचरने ४ ला आणि ८ ला मोठ्याने 'हं' म्हणायला लावलं. हास्यास्पद दिसतं पण दोन दिवसात बसलं.

गरब्याला जात असाल तर आकड्यांपेक्षा टाळ्या धरा, दोन ताळी, तीन ताळी. आधी गोलाच्या बाहेर उभं राहून कोणातरी एकाच बाईचे फक्त पाय बघा, दोन फेऱ्या, मग आत शिरा. गोल घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, आणि दुपट्टा अडकला, सेल्फी हवा, काहीही झालं तरी आत थांबू नका, आधी बाहेर पडा. मी आत थांबले होते. मागून सहाजणी येऊन आदळल्या.

आरशाची सवय आणि यूट्यूब

टीचर समोर तोंड करून उभी असते तेव्हा तिचा उजवा आपल्या डावीकडे. काही व्हिडिओ आरशासारखे उलटे करून टाकलेले असतात, काही नाही, त्यामुळे सुरू करायच्या आधी तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघून घ्या, नाहीतर एक आठवडा उलटं पाठ होतं. स्पीड ०.७५ ला ठेवा, त्यात कमीपणा नाही.

आणि आरशात बघून सगळं यायला लागलं की पाठ फिरवून उभे राहा. मी पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून केलं तेव्हा दुसऱ्या आठनंतर कोरी. आपण नाच पाठ केलेला नसतो, आरशातल्या पुढच्या बाईची कॉपी करत असतो. हॉलच्या चारही भिंतींकडे तोंड करून एकेकदा करा. स्टेजवर समोर आरसा नसतो, समोर सासर असतं.

नवराबायकोने एकमेकांना शिकवणं

"अहो, डावा!"

"डावाच टाकला."

"तो उजवा आहे. माझ्या डाव्या बाजूचा टाकलात तुम्ही, म्हणजे तुमचा उजवा."

"मग मला समजेल अशा भाषेत सांग ना."

हे आख्ख्या क्लाससमोर. साल्सात पुढाकार घेणारा 'एक'ला डावा पुढे टाकतो आणि समोरचा उजवा मागे घेतो, एवढी साधी गोष्ट, पण आम्ही बावीस वर्षांचा संसार त्यात आणला. घरी येताना रिक्षात दोघं दोन बाजूंना बघत बसलो होतो. नंतर टीचरने नियमच घातला, क्लासमधे दुरुस्ती फक्त ती करणार, आणि फ्लोअरवर तर कोणीच कोणाला करायची नाही. संसारातही लावावा असा नियम आहे पण तो विषय वेगळा.

माझी स्वतःची चूक मला फार उशिरा कळली. टर्न येणार हे मला माहीत असायचं म्हणून मी त्याने हात उचलायच्या आधीच फिरून मोकळी. त्याला वाटायचं त्याला येतंय, मला वाटायचं मला येतंय, आणि प्रत्यक्षात मी त्याच्याभोवती एकटीच नाचत होते. हे बाहेर आलं पार्टनर बदलल्यावर. क्लासमधे दर काही मिनिटांनी पार्टनर बदलतात आणि आपल्याकडच्या लोकांना तिथेच घाम फुटतो, परक्याचा हात धरायचा म्हणजे! बदला, टाळू नका. अनोळखी माणूस पुढे काय करणार ते माहीत नसतं म्हणून तुम्ही थांबून त्याच्या हाताचा इशारा घ्यायला शिकता. हात घट्ट आवळायचा नाही, अंगठ्याने तर मुळीच नाही, बोटं नुसती अडकवलेली, नाहीतर टर्नमधे मनगट मुरगळतं. छोटा नॅपकिन आणि एक जादा टीशर्ट बॅगेत ठेवा, तळव्याला घाम सगळ्यांनाच येतो. आणि कोणाचा हात नको वाटला, कोणी फार जवळ येत असेल, तर सरळ 'मी थोडं बसते' म्हणायचं. कारण द्यायचं नाही.

जोकर होणं

प्रत्येक वरातीत एक काका असतात, रुमाल दातात धरून बिन वाजवणारे, आणि दुसरे त्यांच्यासमोर जमिनीवर लोळून नागीण. मजा येते, माझी काही तक्रार नाही. पण मी स्वतः क्लासमधे तेच करत होते, स्टेप चुकली की जीभ बाहेर, डोक्यावर हात, 'अगं बाई मी हत्ती', म्हणजे लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं. त्याने होतं काय की चुकलेली स्टेप तशीच चुकलेली राहते आणि आपण ग्रुपमधल्या विनोदी मावशी म्हणून पक्क्या होतो. शिवाय हसता हसता पुढचे दोन आठ पण जातात.

चुकलं तर एकच करा, जागेवर डावा-उजवा, डावा-उजवा, ठेक्यात, आणि पुढच्या 'एक'ला परत चढा. सॉरी म्हणू नका. श्रावणात आमच्या मंगळागौरीच्या कार्यक्रमात पिंग्याला मी उलट्या बाजूला वळले, दोन दिवस झोप नाही, मग व्हिडिओ आला तेव्हा स्वतःला शोधायला बसले तर माझ्या शेजारच्या दोघी पण उलट्याच वळलेल्या. तिघींपैकी कोणालाही बाकीच्या दोघींचा पत्ता नव्हता.

अंगण खरंच वाकडं असणं

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्याने काढली त्याने आमच्या सोसायटीचे पेव्हर ब्लॉक पाहिले नव्हते. रनिंगचे बूट घालून अशा जमिनीवर टर्न घेतला की बुटाची पकड पाय धरून ठेवते आणि वळतो फक्त गुडघा. उलट हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून नाचलात तर थेट डॉक्टर. फार पकड नको, फार घसरडं नको, गुळगुळीत सोलचे हलके बूट किंवा फरशी कोरडी असेल तर अनवाणी. आणि ज्या दिवशी नाचायचं त्या दिवशीचे कपडे आणि चपला घालून निदान एकदा प्रॅक्टिस करा, पाचवारीच्या निऱ्या पायात येतात, नऊवारीत काष्ट्यामुळे पाय मोकळे असतात. आधी पाच मिनिटं घोटे, पोटऱ्या, कंबर सैल करायची. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणं ठीक, सांध्यात टोचलं किंवा सूज आली तर थांबायचं, गुडघ्याचा किंवा बीपीचा आधीच त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

दहा दिवसांत पाच गाण्यांची मेडली

नका करू. पंचेचाळीस सेकंद, एक गाणं, चार स्टेप्स, त्याच परत परत. 'अलबेला' सिनेमातले भगवानदादा पालव आठवा. अंगाने जाड, उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, नुसते हात झुलवत कमरेतून हळूहळू डुलणं, आणि १९५१ मधे अख्खा देश त्यांच्यासारखा नाचायला लागला, पुढे अमिताभच्या नाचातही लोकांना तेच दिसतं. स्टेप किती अवघड होती हे कोणाला आठवत नाही, माणूस ठेक्यात होता का एवढंच दिसतं.

आमच्याकडे डिसेंबरमधे पुतणीचं लग्न आहे. परवा सकाळी उठून स्वयंपाकघरात आले तर नवरा गॅससमोर उभा, चहाला आधण येतंय आणि हा बनियनवर, एक-दोन-तीन, हं, पाच-सहा-सात, हं. पहिला पाय उजवाच टाकत होता. मी काही बोलले नाही.