धुरकट स्फटिक: रंग कुठून येतो आणि खडा कसा पारखावा

धुरकट स्फटिकात, म्हणजे तपकिरी क्वार्ट्झमध्ये, धूरही नसतो, काजळीही नाही. ग्रॅनाइटच्या फटींत सिलिकायुक्त गरम पाण्यातून स्फटिक वाढताना सिलिकॉनच्या काही जागी ॲल्युमिनियम बसतं. तेव्हा स्फटिक बिनरंगीच असतो. आजूबाजूच्या खडकातलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम त्यावर लाखो वर्षं किरणांचा मारा करतं, ॲल्युमिनियमशेजारच्या ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन उडतो आणि ती रिकामी जागा प्रकाश शोषते. म्हणून आल्प्स किंवा स्कॉटलंडच्या केर्नगॉर्मच्या ग्रॅनाइटमधले खडे तपकिरी. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये किरणोत्सार फारच कमी.

काच ओळखायला घनता मोजा. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. आधी कोरडा तोललेला खडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून टांगा. खडा ५३ ग्रॅमचा आणि काटा २० दाखवत असेल, तर ५३ भागिले २० म्हणजे २.६५: हीच स्फटिकाची घनता. खडा तळाला टेकला किंवा त्याला बुडबुडे चिकटले, तर घनतेचा आकडा चुकून कमी येतो. भिंगाखाली आत गोल बुडबुडे दिसले तर काच समजा.

पांढऱ्या बुडावर डांबरासारखी काळी टोकं असलेला अमेरिकेतल्या आर्कान्सासचा स्फटिकांचा झुबका बहुधा कृत्रिमरीत्या गॅमा किरणांनी काळा केलेला असतो. एकट्या खड्याबाबत घरी खात्री होत नाही, खाणीचं नाव विचारा. आणि खडा आचेवर कधीच धरू नका: ३००–४०० अंश सेल्सिअसला स्फटिकाचा रंग उडतो, मग तो नैसर्गिक असो वा कृत्रिम.