छोट्या जातीच्या पिल्लाला शू-शीची आणि क्रेटची सवय लावताय? या चुका टाळा

"ताई, ही जातच हट्टी असते का हो?" कोणाकडे शिह त्झू आलं, कोणाकडे टॉय पॉम (म्हणजे छोटं पॉमेरेनियन), कोणाकडे पग, की दोन-तीन आठवड्यांत हा फोन येतोच. मी घरी कुत्री सांभाळते, लोक गावाला जाताना पिल्लं माझ्याकडे सोडून जातात, त्यामुळे कोणाच्या घरात काय सवयी लागल्यात ते पिल्लू आत आल्यावर तासाभरात कळतं.

तर नाही, जात हट्टी नसते. छोट्या जातीची पिल्लं शू-शी शिकायला वेळ घेतात हे खरंय, कारण त्यांचं मूत्राशयच एवढंसं असतं. पण त्याहून मोठं कारण घरातली माणसं. लॅब्राडोरच्या पिल्लाने हॉलमध्ये शू केली की अख्खं घर धावतं आणि पॉमने केली की "एवढीशी तर आहे" म्हणून पायानेच फडकं फिरवून मोकळे होतात. दिवसातून चार वेळा असं झालं की पिल्लाच्या हिशोबाने हॉल हीच शू करायची जागा ठरली, मग तुम्ही गॅलरीत कितीही उभं करा.

नाक घासणं आणि पेपरने मारणं

हे सगळ्यात आधी, कारण हे बघून मला खरंच त्रास होतो. ओळखीतल्या एका घरी चार महिन्यांची टॉय पॉम होती. घरातले सगळे संध्याकाळी यायचे, हॉलमध्ये शू दिसायची, मग तिला मानेला धरून तिथे न्यायचं, नाक घासायचं, पेपरची गुंडाळी करून एक फटका. आजोबांचं म्हणणं, आमच्या वाड्यातला मोत्या असाच शिकला. काही दिवसांनी लादी कोरडी राहायला लागली आणि सगळे खूश, शिकली एकदाची! मग घरात वास यायला लागला. पाहुणे येणार म्हणून दिवाण सरकवला तर मागची भिंत खालून पिवळी, दिवाणाचं प्लाय फुगलेलं आणि खणातल्या दोन गोधड्या फेकायच्या लायकीच्या.

ती काय शिकली होती? घरात शू करू नये हे नाही, माणसांसमोर शू करू नये हे शिकली होती. त्यामुळे बाहेर तासभर फिरवलं तरी करायची नाही, दाबून धरायची आणि घरात पट्टा सुटला की दिवाणाखाली. माझ्याकडे आली तेव्हा गॅलरीत उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहायची, शू आलेली असायची तरी. मी मग लांब दोरी लावली, पाठ करून उभी राहिले, तिच्याच शूचा टिपलेला कागद ट्रेमध्ये ठेवला आणि मागे आवाज आला तरी वळायचं नाही असं ठरवलं. झाल्यावर उकडलेल्या चिकनचा तुकडा पायापाशी टाकायचा, तोही काही न बोलता. ती भीती जायला कित्येक आठवडे लागले आणि हे सगळं एका पेपरच्या गुंडाळीमुळे.

"पण ताई, तिला कळतं, तोंड बघा कसं करते!" ते तोंड तुमचा आवाज आणि तुमचं अंगावर येणं बघून होतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 साली हेच तपासलं होतं, कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो, मालक ओरडला की ते अपराधी तोंड दिसतंच. तासाभरापूर्वीची शू आणि आत्ताचा फटका याची सांगड पिल्लू घालू शकत नाही. तुमच्या डोळ्यांदेखत करत असेल तर "ए!" म्हणून थांबवा, उचला आणि जागेवर न्या. नंतर दिसलं तर गपचूप पुसा.

पॅड आणि पायपुसणं

लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण 16 आठवड्यांपर्यंत, भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लू सोडू नका, पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून फ्लॅटमध्ये सुरुवात पॅडवर (शू शोषून घेणारी मऊ चौकोनी चटई) किंवा ट्रेवर होते, तिथवर ठीक. पण पॅड मऊ, चौकोनी आणि जमिनीवर पसरलेलं, आणि तुमच्या बाथरूमबाहेरचं पायपुसणंही मऊ, चौकोनी आणि जमिनीवर पसरलेलं. पिल्लाने फरक कुठून करायचा? शू करायची जागा ते पायाखालच्या स्पर्शावरून लक्षात ठेवतं. मी तर पिल्लू यायच्या आधी घरातली सगळी पायपुसणी, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकते आणि पॅडऐवजी कडा असलेल्या ट्रेमध्ये खरं किंवा कृत्रिम गवत ठेवते, म्हणजे पुढे बाहेरच्या गवतावर जाताना वेगळं शिकवावं लागत नाही. ट्रे एकाच जागी. आज गॅलरी, उद्या किचनचा कोपरा असं फिरवायचं नाही.

पुसायला फिनेल नको. फिनेलचा वास आपल्याला येतो, खालचा शूचा वास पिल्लाला येतोच, वर ते पंज्याला लागलेलं चाटतं. पाळीव प्राण्यांसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते घ्या, टिपा, सांगितलाय तेवढा वेळ राहू द्या, मग पुसा. ब्लीच तर अजिबात नको, शूतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.

पहिल्या दिवसापासून अख्खं घर मोकळं

टूबीएचके हे त्या दीड किलोच्या जिवाला मैदान आहे. सुरुवातीला एक खोली, आणि तुमची नजर नसेल तेव्हा प्लेपेन (पिल्लासाठीचं छोटं कुंपण) किंवा क्रेट (दार असलेला पिंजरा). मी तर पिल्लाचा पट्टा माझ्या कमरेला बांधून स्वयंपाक करते.

नजर म्हणजे काय ते सांगते, कारण "अचानक केली हो" हे मला पटत नाही. पिल्लू खेळत असतं आणि मधेच खेळणं तोंडातून टाकतं, गप्प होतं, नाक लादीला लावून एकाच जागी हुंगायला लागतं, छोटी गिरकी घेतं, मग दुसरी, मागचे पाय जरा जवळ येतात. एवढा वेळ तुमच्या हातात असतो, मोबाइल खाली असेल तर. शिवाय झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर 10 ते 20 मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपायच्या आधी, या वेळा ठरलेल्या आहेत. एरवीसाठी ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय त्यात एक मिळवा, तितके तास ते फार तर धरू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त 3 तास. छोट्या जातीत मी त्याच्या निम्मं धरते, जागं असेल तर तासातासाला नेते.

नेताना उचलून न्या. चालवत नेलंत की लिफ्टमध्ये किंवा पॅसेजमध्ये होणार आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो.

क्रेट म्हणजे कोठडी नाही

दुकानदार मोठा क्रेट गळ्यात मारतात, "वाढल्यावर लागेलच की." शिह त्झू किंवा पॉम वाढून वाढणार किती? उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढंच हवं, बहुतेकांना 24 इंची पुरतो आणि अगदी छोटं असताना मधे जाळी लावून तोही लहान करायचा. जास्त जागा मिळाली की एका टोकाला झोपतं, दुसऱ्या टोकाला शू करतं आणि क्रेटचा मुद्दाच संपतो.

पण याहून वाईट म्हणजे तासांचा हिशोब. एक जोडपं, दोघंही आयटीत, अडीच महिन्यांचं पग सकाळी साडेनऊला क्रेटमध्ये बंद करून जायचे ते संध्याकाळी सातला उघडायचे, कारण कुठेतरी व्हिडिओत ऐकलं होतं की पिल्लू झोपायच्या जागेत घाण करत नाही. नाही करत, धरता येईल तोवर. साडेनऊ तास ते बाळ कसं धरणार होतं? रोज त्याच घाणीत बसायचं आणि काही दिवसांनी त्याला त्याचं काहीच वाटेनासं झालं, जिथे झोपायचं तिथेच करायचं. ही स्वच्छतेची मूळ ओढ एकदा मोडली की परत आणणं फार अवघड. दुकानातल्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांचंही हेच होतं. दोघं दिवसभर बाहेर असाल तर दुपारी येणारं माणूस ठेवा आणि प्लेपेनमध्ये एका बाजूला उघडा क्रेट, दुसऱ्या बाजूला ट्रे आणि पाणी ठेवा. तेही जमणार नसेल तर इतकं छोटं पिल्लू आत्ता आणू नका, हे मी तोंडावर सांगते, लोकांना राग आला तरी.

क्रेटची सवय घाईने लागत नाही. आधी दार उघडं ठेवून जेवण आत द्यायचं, मग खाताना दार लावायचं आणि खाऊन संपायच्या आत उघडायचं, मग थोडं थोडं लांबवायचं. रात्री क्रेट तुमच्या पलंगाशेजारी. मध्यरात्री कुईकुई केलं तर उचला, ट्रेवर न्या, लाइट मंद, खेळ नाही, गप्पा नाहीत, झालं की परत आत. "रडू दे, आपोआप शिकेल" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ते बिचारं शू आली म्हणूनच सांगत असतं. आत घालताना गळ्यातला पट्टा काढा, अडकतो. उन्हाळ्यात क्रेट गॅलरीत ठेवू नका, पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम फार लवकर चढतं. आणि शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कोंडायचं नाही, कधीच.

बाकी थोडक्यात

शू करत असतानाच "शाब्बास शाब्बास" ओरडू नका, अर्धवट सोडून तुमच्याकडे पळत येतं आणि उरलेली घरात करतं. पूर्ण होऊ द्या, मग लगेच तिथेच खाऊ द्या, घरात येऊन डबा उघडून नाही.

बाहेर झाली की लगेच वरती आणू नका. फिरणं संपतं असं कळलं की पिल्लू मुद्दाम धरून ठेवतं.

शू कमी व्हावी म्हणून खाणं-पाणी तोडू नका. टॉय जातीच्या पिल्लांची साखर पटकन उतरते, थरथर कापतात, तोल जातो, जिवावर बेतू शकतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला हवं, ठरलेल्या वेळी.

तुम्ही दारातून आलात की आनंदाने थेंब थेंब गळतात ती वेगळी गोष्ट, त्यावर ओरडलं की वाढते. आल्यावर थोडा वेळ लक्ष देऊ नका आणि मग खाली बसून हळू बोला.

पावसाळ्यात ओल्या गवतावर पाय ठेवायला ही मंडळी तयार नसतात, तेव्हा गॅलरीतला ट्रे जूनमध्ये काढून टाकू नका.

आणि नीट शिकलेलं पिल्लू अचानक घरात करायला लागलं, सारखं बसतंय आणि थेंबभरच येतेय, किंवा लालसर येतेय, तर ती सवय बिघडलेली नाही, लघवीचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी ट्रेनिंगचे व्हिडिओ बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि जमलं तर ताज्या शूचा नमुना स्वच्छ कोरड्या डबीत घेऊन जा.