पिंग ४०० वर का जात होतं, ते सापडलं

रोज रात्री नऊच्या सुमारास आईला व्हिडिओ कॉल लावला की तिचा आवाज तुटायचा. स्पीड टेस्ट मात्र पूर्ण ४० एमबीपीएस दाखवायची, त्यामुळे तक्रार केली की "लाइन ओके आहे" एवढंच उत्तर.

शेवटी लॅपटॉपला लॅन केबल लावून बसलो. आधी राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग केलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं: १ मिलिसेकंद. मग बाहेर इंटरनेटवर, गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला: ९, ८, ९. सगळं छान. तेवढ्यात बायकोने फोन चार्जिंगला लावला आणि आकडे ११०, २६०, ४१० असे चढत गेले. चार्जिंग सुरू झालं की दिवसभराच्या फोटोंचा बॅकअप सुरू व्हायचा! तो थांबवला, पुन्हा ९.

अपलोडची क्षमता भरली की जादा पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) टाकून न देता लांब रांगेत उभी केली जातात. आवाजाचं इवलंसं पॅकेटही त्याच रांगेत मागे. याला बफरब्लोट म्हणतात. मोठा प्लॅन घ्या, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही, बॅकअप तोही भरून टाकतो.

माझ्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात एसक्यूएम (रांग लांबू न देणारी सोय) टाकलं, रांगेसाठी 'केक' ही पद्धत निवडली आणि अपलोड-डाउनलोडला ३६ एमबीपीएसची मर्यादा घातली. मर्यादा लाइनपेक्षा थोडी कमीच हवी, नाहीतर रांग पुढच्या मोडेममध्ये लागते.

आता बॅकअप चालू असतानाही पिंग १५ च्या आत. काल आईने पुरणाचं प्रमाण सांगितलं, एकही शब्द गाळला गेला नाही.