जपानहून गाडी मागवताय? तपासणारा माणूस तुमचा हवा

न्यूझीलंडला नव्याने आलेली आपली बरीच मंडळी पहिली गाडी जपानहून आलेली सेकंडहँडच घेतात. टोयोटा अ‍ॅक्वा, प्रियस, नाहीतर निसान लीफ. काही जण डीलरकडे न जाता एजंटमार्फत थेट तिथल्या लिलावातून मागवतात. ऑकलंडच्या एका वर्कशॉपमध्ये मी अशा गाड्या रोज लिफ्टवर चढवते, म्हणून कळकळीने सांगते: गाडी अजून जपानच्या यार्डात उभी आहे तोवरच ती त्रयस्थाकडून तपासून घ्या. त्याची फी तुम्ही स्वतः भरा. एजंटने भरली की तो एजंटचाच माणूस झाला.

‘सरकारी तपासणी होतेच ना?’ होते. सांगाड्याला मार बसलाय का, गंज कुठवर पोचलाय, ब्रेक आणि सीटबेल्ट ठीक आहेत का, गाडीत किडे-माती आलीय का, हे सगळं बघतात. पण त्यातून गाडी इथल्या रस्त्यावर आणायला चालेल की नाही, एवढंच ठरतं. हायब्रिड बॅटरी किती थकलीय किंवा मागितलेली किंमत रास्त आहे का, हे बघणं त्यांचं कामच नाही.

सुरुवात ऑक्शन शीटपासून करा, म्हणजे लिलावात गाडीची अवस्था नोंदवलेल्या कागदापासून. मूळ जपानी शीटचाच फोटो मागा, एजंटने टाइप केलेला सारांश नको. ग्रेड ४ किंवा ४.५ म्हणजे साधारण चांगली गाडी. ‘आर’ किंवा ‘आरए’ म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. गाडीच्या आकृतीवर ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्त करून रंगवलेला भाग आणि ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला पत्रा.

तुमच्या तपासनिसाने ही शीट हातात धरून गाडी बघायला हवी. त्याला बॉनेट उघडून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टांचे अगदी जवळून फोटो काढायला सांगा. कारखान्यातून आलेल्या बोल्टवर बॉडीचाच रंग अखंड असतो. कडांवरचा रंग उडालेला असेल, पान्याचे व्रण दिसत असतील, तर तो फेंडर कधीतरी निघालेला आहे. मग शीटवर त्याची नोंद आहे का, ते बघा. गेल्या हिवाळ्यात नाशिकचं एक जोडपं अ‍ॅक्वाचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आलं. शीटवर ग्रेड ४, डाव्या फेंडरबद्दल अवाक्षर नाही. फोटोत मात्र बोल्ट खरवडलेले आणि आतल्या सांध्यावरचं सीलर हाताने फासल्यासारखं ओबडधोबड. रंगाची जाडी तिथे ३०० मायक्रॉनच्या वर. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० च्या आसपास असतो. त्यांनी ती गाडी सोडली, आणि ते योग्यच केलं.

गाडी होक्काइदोसारख्या बर्फाच्या भागातली असेल तर खालच्या बाजूला विशेष लक्ष द्या. रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं. लांबून काढलेला एक फोटो पुरत नाही. मागचा सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं तो सांगाडा), ब्रेकचे पाइप, स्प्रिंगची बैठक यांचे वेगवेगळे फोटो हवेत. पुराच्या पाण्यातली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ आहे का ते बघायला लावा.

किलोमीटर आधीच्या ‘शाकेन’, म्हणजे जपानमधल्या सक्तीच्या तपासणीच्या, नोंदींशी ताडा. नव्या गाडीचं पहिलं शाकेन तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होतं. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल (कंपनीने त्या बदलून देणं) बाकी आहे का, हेही चासी नंबरवरून तपासून घ्या.

लीफ ही पूर्ण इलेक्ट्रिक गाडी; ती घेताना डॅशबोर्डवरच्या बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या १२ पट्ट्यांवर जाऊ नका. पहिली पट्टी जाते तोवर सुमारे १५ टक्के क्षमता गेलेली असते, आणि रीसेट करून पट्ट्या काही काळ परत आणता येतात. ‘लीफस्पाय’ अ‍ॅपवरचा बॅटरीच्या हेल्थचा आकडा तारखेसकट मागा.

गाडी इथल्या डीलरकडे येऊन उभी असेल, तरी स्वतंत्र तपासणी कराच. फरक एवढाच की इथे १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट तुमच्या पाठीशी असतो आणि डीलरविरुद्ध मोटर व्हेइकल डिस्प्युट्स ट्रायब्युनलकडे जाता येतं. जपानमधल्या विक्रेत्याच्या मागे इथून कुठे धावणार?

म्हणूनच डिपॉझिट देण्याआधी एजंटकडून लेखी घ्या: रिपोर्ट शीटशी जुळला नाही, तर व्यवहार रद्द आणि डिपॉझिट परत. एवढं लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.