पर्यावरणीय न्याय: जाणकारांनी विकिपीडियावर कसं लिहावं

एखाद्या डम्पिंग ग्राउंडवरचा विकिपीडिया लेख उघडून बघा. जागा किती एकर, कधी सुरू झालं, रोज किती टन कचरा येतो, कंत्राट कुणाकडे, हे सगळं सापडतं. कुंपणाला लागून कोण राहतं, त्यांच्या विहिरीच्या पाण्याचं काय झालं, जागा ठरवताना त्यांना कुणी विचारलं होतं का, या ओळी बहुतेक वेळा नसतात. पर्यावरणीय न्याय हा विषय नेमका त्याच ओळींचा आहे.

या ओळी लिहू शकतील अशी माणसं भरपूर आहेत: सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक, पर्यावरण कायद्याचे वकील, भूजलतज्ज्ञ, चळवळीत वर्षानुवर्षं काढलेले कार्यकर्ते. त्यांचं काम मात्र पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या जर्नलांत आणि कपाटातल्या अहवालांत पडून राहतं. विद्यार्थी, वार्ताहर, नवखा वकील विषय समजून घ्यायला आधी विकिपीडिया उघडतात, आणि तिथे नसलेली गोष्ट पुष्कळदा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही या विषयातले जाणकार असाल तर आठवड्यातला एक तास इथे द्या. तो कसा द्यायचा, ते सांगते.

पायरी १: खातं उघडा, थोडे दिवस लहान कामं करा

खरं नाव देण्याची सक्ती नाही. ज्या प्रकरणात तुम्ही साक्ष दिली आहे किंवा ज्या वस्तीत अजून काम करता, तिथे टोपणनावच बरं. सुरुवातीला तुटलेले दुवे दुरुस्त करा, 'संदर्भ हवा' असं लिहिलेल्या वाक्यांना संदर्भ जोडा. मोठा मजकूर आधी तुमच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठी असलेल्या पानावर लिहा. तिथे चुकलं तरी कुणाचा लेख बिघडत नाही. इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख थेट तयार करायचा तर खातं किमान चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं लागतं.

पायरी २: लेख निवडा, शक्यतो लहान

'पर्यावरणीय न्याय' या मुख्य लेखावर उडी घ्यायचा मोह होतो. मी म्हणेन, आधी त्याच्या आजूबाजूला बघा. एखादी खाण, रिफायनरी, नदी, धरण, कायदा यांवरच्या लेखात तुमच्या दोन वाक्यांनी जास्त फरक पडतो. आंतरराष्ट्रीय करारही असेच. एस्काझू करार २०१८ मध्ये झाला आणि २२ एप्रिल २०२१ रोजी लागू झाला. लॅटिन अमेरिका व कॅरिबियनमधल्या या करारात पर्यावरणासाठी लढणाऱ्या माणसांच्या संरक्षणाची थेट तरतूद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०२२ रोजी स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क मानला. बाजूने १६१ मतं, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ. अशा गोष्टी मराठीत नीट, संदर्भासह मांडलेल्या असल्या की पुढच्या किती जणांची सोय होते!

पायरी ३: 'मला माहीत आहे' बाजूला ठेवा

जाणकारांना सगळ्यात जड जाते ती ही पायरी. वीस वर्षं त्या नदीचे नमुने तुम्ही तपासले असतील, तरी विकिपीडियावर तुमचा शब्द पुरावा ठरत नाही. छापून आलेला, कुणालाही पडताळता येईल असा स्रोत लागतो. मूळ संशोधन तिथे चालत नाही. तुमचा अप्रकाशित निष्कर्ष कितीही पक्का असला तरी त्याची जागा आधी जर्नलात, मग विकिपीडियावर.

या विषयात याची एक खरी अडचण आहे. ज्यांनी सोसलं त्यांचं ज्ञान पुष्कळदा तोंडी असतं. कोणत्या महिन्यात पाण्याला वास येतो, धूर कोणत्या वाऱ्याने वस्तीत शिरतो, हे तिथल्या बाईला कुठल्याही यंत्राआधी कळतं, पण ते कागदावर आलेलं नसतं. अशा वेळी छापील रूपातल्या साक्षी शोधा: जनसुनावणीचं इतिवृत्त, न्यायालयाचा निकाल, स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल, विश्वासार्ह वृत्तपत्राची शोधबातमी, विद्यापीठाने प्रकाशित केलेला मौखिक इतिहास. निकालपत्र किंवा इतिवृत्त हा प्राथमिक स्रोत असतो, म्हणून त्यात लिहिलं आहे तेवढंच घ्या; त्याचा अर्थ लावायला दुसऱ्या अभ्यासकाचं पुस्तक किंवा लेख जोडा. काहीच सापडलं नाही, तर विकिपीडिया बंद करून आधी ते ज्ञान प्रकाशित होईल असं बघा. तेही याच कामात मोडतं.

स्वतःचा शोधनिबंध संदर्भ म्हणून देता येतो, पण हात आखडता ठेवा. प्रत्येक परिच्छेदाखाली तुमचंच नाव दिसलं की तो प्रचार वाटतो. बरा मार्ग असा: लेखाच्या चर्चा पानावर तुमचा संबंध उघड सांगा, संदर्भ सुचवा आणि दुसऱ्या संपादकाला तो घालू द्या. पक्षकार, सल्लागार किंवा नोकरदार म्हणून प्रकरणाशी तुमचा संबंध असेल तर हे पाळाच.

पायरी ४: विशेषणं काढा, तपशील वाढवा

रागाच्या भरात लिहिलेला पहिला खर्डा असा असतो: 'सरकारने निर्दयपणे गरीब कृष्णवर्णीयांच्या माथी विषारी माती मारली.' हे वाक्य तासाभरात उडेल. आता हे बघा:

'१९७८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात रस्त्यांच्या कडेला पीसीबी या औद्योगिक रसायनाने दूषित तेल बेकायदा ओतलं गेलं. ती दूषित माती पुरण्यासाठी राज्याने वॉरन काउंटीतील जागा निवडली. काउंटीत कृष्णवर्णीय रहिवासी बहुसंख्य होते. १९८२ मध्ये ट्रक येऊ लागल्यावर सुमारे सहा आठवडे निदर्शनं झाली आणि ५००हून अधिक जणांना अटक झाली.'

एकही विशेषण जड नाही, तरी अन्याय लपत नाही. त्याला जोडून १९८३चा अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल द्या. आग्नेयेकडच्या आठ राज्यांतल्या, कारखान्याच्या आवाराबाहेरच्या चार घातक कचरा-भरावांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्तीत होते, असं त्यात नोंदवलं आहे. मग वाचकाला निष्कर्ष सांगावा लागत नाही.

पायरी ५: वादातले आकडे

भोपाळचं उदाहरण घ्या. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. लगेचचा अधिकृत मृतांचा आकडा २,२५९ होता. मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले. पहिल्या दोन आठवड्यांतच ८,००० माणसं गेली, असेही अंदाज आहेत. यातला एक निवडून बाकीचे गाळणं चूक, आणि तिन्हींची सरासरी काढणं तर फारच चूक. प्रत्येक आकड्यापुढे कुणी, केव्हा, कोणत्या कालावधीसाठी दिला ते लिहा. कंपनीची बाजूही लिहा, ती कंपनीची म्हणूनच. तटस्थपणा म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्या ओळी देणं नव्हे. भरवशाच्या स्रोतांत ज्या म्हणण्याला जितकं वजन, तितकी त्याला जागा.

पायरी ६: मजकूर आणि फोटोंचे हक्क

तुमचाच निबंध असला तरी परिच्छेद उचलून चिकटवू नका. हक्क बहुधा प्रकाशकाकडे गेलेले असतात. स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. सरकारी म्हणजे मुक्त, हेही सगळीकडे खरं नाही: अमेरिकेच्या संघीय सरकारचं काम तिथे कॉपीराइटमुक्त असतं, भारतात तसं सरसकट नाही. स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर चढवता येतात. त्याआधी फाइलमध्ये दडलेली जागेची नोंद तपासा. चेहरे दिसत असतील तर त्या माणसांना विचारा, कारण तक्रार करणाऱ्याचं घर नकाशावर दाखवून देणं धोक्याचं असतं.

पायरी ७: मजकूर उडवला गेला तर

उडवला जाईलच, कधी ना कधी. इतिहास पानावर कारण वाचा. दुसऱ्याचा बदल पुनःपुन्हा उलटवत बसू नका. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खात्यावर बंदी येऊ शकते. चर्चा पानावर शांतपणे लिहा: वाक्य कोणतं, स्रोत कोणता, पान क्रमांक किती. 'मी या विषयात पीएचडी आहे' याने तिथे काही साधत नाही, पान क्रमांकाने साधतं. तरीही अडलं तर मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विषय मांडा.

लेख पहाऱ्याच्या सूचीत टाका आणि अधूनमधून बघत जा. प्रदूषणाचे अहवाल संकेतस्थळांवरून हलवले जातात, काही कायमचे दिसेनासे होतात. म्हणून संदर्भ देतानाच वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची प्रत जतन करा आणि तिचा दुवा मूळ दुव्याशेजारी जोडून ठेवा.