लीडसिक्थिसचं चित्र काढताय? या चुका टाळा

लीडसिक्थिस या नामशेष झालेल्या महाकाय माशाचा तक्ता घेऊन कुणी आलं की मी आधी लांबी बघतो. बहुतेक वेळा तिथे २७ मीटर लिहिलेलं असतं.

तो आकडा आधी खोडा. १९८६ साली जीवाश्मतज्ज्ञ डेव्हिड मार्टिल यांनी एका लहान नातलग माशाच्या मापांवरून तो काढला होता. या माशाचे मणके हाडाचे बनतच नसत, त्यामुळे पाठीचा कणा टिकत नाही. इंग्लंडात पीटरबरोजवळच्या विटांच्या मातीच्या खाणींतून आल्फ्रेड लीड्स या शेतकऱ्याने जमवले तेही कल्ल्यांचे, परांचे, कवटीचे तुकडे. म्हणून तर १८८९ साली आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी या माशाला नाव देताना त्यात ‘प्रॉब्लेमॅटिकस’, म्हणजे कोड्यात टाकणारा, असा शब्द घातला. २०१३ मध्ये हाडांतली वाढीची वलयं मोजली गेली, तेव्हा सर्वांत मोठा नमुना ३८ वर्षांचा आणि सुमारे १६.५ मीटर लांब ठरला.

एका शाळेत मुलांनी व्हरांडाभर २७ मीटर कागदावर हा मासा रंगवला होता. पंधरा दिवसांची मेहनत. खरी लांबी सांगताना माझ्या पोटात गोळा आला. एक मुलगी म्हणाली, “सर, मग कापायचं कुठून?” कुठूनच नाही, कारण डोकं, पर, शेपटी, सगळ्यांचीच मापं बदलतात. संध्याकाळी बसून आम्ही तो पुन्हा आखला. पहिला सापडलेला आकडा त्यांच्या हाती देणाऱ्या मोठ्या माणसांचा मला आजही राग येतो.

माझी सवय सांगतो: आकड्याशेजारी साल लिहायचं, आणि सापडलेली हाडं गडद, बाकी शरीर तुटक रेषेत.

जबड्यात सुळे नकोत. हा मासा तोंड उघडं ठेवून पोहायचा आणि कल्ल्यांच्या जाळीतून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खायचा.

महाकाय अस्थिमत्स्यांच्या, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या, तक्त्यात डंकलिऑस्टियस हा प्राचीन मासा घेऊ नका. डोक्यावर हाडाचं चिलखत असलं तरी तो अस्थिमत्स्य नव्हे. शिवाय २०२३ च्या अभ्यासात त्याची लांबीही चार मीटरच्या आसपासच निघाली. मेगालोडॉन तर शार्क, म्हणजे कास्थिमत्स्य, कूर्चेचा सांगाडा असलेला.

नवख्यांनी घाईने लीडसिक्थिसला हात घालूच नये. आधी क्रिटेशस काळातला (डायनासोरांच्या युगाचा शेवटचा टप्पा) झिफॅक्टिनस हा मासा काढा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात हेज इथल्या स्टर्नबर्ग संग्रहालयात त्याचा सुमारे चार मीटरचा सांगाडा आहे, पोटात गिळलेला जवळपास दोन मीटरचा गिलिकस मासा तसाच. तिथे मणके एकेक करून मोजता येतात.