पिवळे डोळे दिसले तर: पाड्यावर नमुने घ्यायला निघालेल्यांसाठी

निघण्याआधी डायथायोनाइटची बाटली बघा. सिकल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार; त्याच्या सोल्युबिलिटी (विरघळण्याच्या) चाचणीचा सगळा जीव त्या पांढऱ्या पुडीत आहे. ती हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेते, मग सिकलचं हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. पण डहाणूच्या किनाऱ्यावर जुलैतली हवा कशी असते ते सांगायला नको. झाकण सैल राहिलं की पूड वाया जाते. मग रेघा अगदी स्वच्छ दिसतात आणि सिकल असलेलं पोर ‘काही नाही’ म्हणून घरी जातं. म्हणून बफरमध्ये (चाचणीच्या द्रावणात) पूड त्याच दिवशी मिसळायची, आणि पहिली नळी आधीपासून माहीत असलेल्या वाहकाच्या रक्ताची लावायची. ती गढूळ झाली नाही तर त्या दिवशी चाचणी बंद. वरून फोन येतील, येऊ देत.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ किंवा नुकतंच रक्त चढवलेला माणूस, यांच्यासाठी ही चाचणी वापरू नका. आणि नळी गढूळ झाली म्हणजे रक्तात ‘एस’, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, आहे, एवढंच कळतं. एएस (एकाच पालकाकडून आलेलं) की एसएस (दोघांकडून आलेलं) ते एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी, सांगेल. तोवर ओटीवर चार माणसं बसलेली असताना तोंड उघडायचं नाही. एएस म्हणजे वाहक, आजारी नव्हे; पण गावात बातमी पोचली की जमलेली सोयरीक मोडते.

आता डोळ्यांचं. एसएस असलेल्याच्या लाल पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात, त्यामुळे त्याचे डोळे बारा महिने थोडे पिवळट असतात. ही विषाणूची कावीळ नाही. आईला विचारा: ‘नेहमीचेच आहेत, की या आठवड्यात वाढलेत?’ ताप, उलटी, जेवणावरची वासना गेली का, लघवी गडद झाली का, शौच पांढुरकं होतं का, हेही विचारा. पेशी फुटून वाढलेलं बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) ‘इनडायरेक्ट’, म्हणजे यकृताने अजून न हाताळलेलं, असतं, ते लघवीत उतरत नाही. यकृत सुजलं की ‘डायरेक्ट’ (यकृताने हाताळलेलं)ही वाढतं आणि लघवी गडद होते. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका, पाणी कमी प्यायलेल्याचीही लघवी गडदच असते. रिपोर्टमध्ये आधी एएलटी बघा; ते आणि एएसटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइमं. एएसटी लाल पेशींतही असतं, म्हणून सिकलमध्ये ते तसंही चढलेलं असतं. एएलटी शेकड्या-हजारांत गेलं तर विषाणू शोधा. शौच पांढुरकं आणि उजव्या बरगडीखाली दुखतंय तर पित्ताच्या खड्याचा संशय धरा आणि सोनोग्राफीला पाठवा. बिलिरुबिनची नळी काळ्या कागदात गुंडाळा, उजेडाने आकडा उतरतो.

तुमच्याआधी भगत येऊन गेलेला असेल. आंब्याच्या सालीचा रस हाताला, मग चुन्याचं पाणी, आणि पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! हसू नका, वादही घालू नका. माझा जीव खालीवर होतो तो त्याने सांगितलेल्या पथ्याने. चार दिवस उपास आणि घोटभर पाणी म्हणजे सिकलवाल्याला हाडं फोडणाऱ्या वेदनांचं आमंत्रणच. झाडपाल्याचा काढा यकृतालाही बाधू शकतो. मी एवढंच सांगते, ‘माळ राहू दे गळ्यात, काढा नको, पाणी मात्र सोडू नको.’ ऐकतात.

रक्ताच्या किती पिशव्या चढल्या आणि कधी, हे फॉर्मवर नीट लिहा; हेपॅटायटिस (यकृताची सूज) बी आणि सीचे विषाणू रक्तातूनही येतात. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांनी १९६० च्या दशकात पुष्कळदा रक्त चढवलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाचं सिरम एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या सिरमशी जुळवलं, तेव्हा हेपॅटायटिस बीचं अँटिजेन (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) हाती लागलं. रक्तातल्या प्रथिनांतले फरक शोधायला निघाले होते ते, आणि १९७६ चं नोबेल मिळालं. ते अँटिजेन म्हणजेच आपल्या कार्डावरचं एचबीएसएजी. बी नसेल आणि लस झालेली नसेल तर लसीला पाठवा. सीचं कार्ड पॉझिटिव्ह आलं तर तेवढ्यावर आजार ठरवू नका, अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेलं प्रथिन) जुनीही असते. विषाणू आत्ता रक्तात आहे का ते दाखवणारी आरएनए तपासणी हवीच. सी असलाच तर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, आणि २०१८ ला सुरू झालेल्या हेपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या फुकट आहेत. हेपॅटायटिस ए आणि ई पाण्यातून येतात, तेव्हा विहीर बघून या. गरोदर बाईला ईचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी गाडी करून रुग्णालयात.

परतताना नळ्या थेट बर्फाला टेकवू नका, गोठून पेशी फुटतात. मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घाला. आणि डहाणू रोडला लोकल पकडण्याआधी सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) वेगळं झालेलं हवं.